पीडीएफ पुढे पाठवली, म्हणजे चोरी केली का?

आधी एक साधा प्रश्न विचारतो. गेल्या वर्षभरात ज्यांच्या फोनवर एखाद्या मराठी पुस्तकाची पीडीएफ, न मागता, येऊन पडली आहे त्यांनी हात वर करा. बघा, जवळजवळ सगळेच. आता ती ज्यांनी पुढे पाठवली त्यांनी हात वर ठेवा. (हशा) हात खाली आले, पण हसू आलं. म्हणजे उत्तर मिळालं.

आपण काही वावगं केलं असं आपल्याला मनातून थोडं वाटतं, पण चोरी केली असं काही वाटत नाही. ही जी गल्लत आहे ती आज जरा सोडवून बघू. अशी देवाणघेवाण बेकायदा असावी का?

पहिली गोष्ट म्हणजे फाइल शेअरिंग हे एक तंत्र आहे, गुन्हा नव्हे. टॉरेंटमध्ये एका मोठ्या फाइलचे लहान लहान तुकडे होतात. तुम्ही ते तुकडे अनेकांच्या संगणकांवरून घेता आणि घेता घेताच तुमच्याकडचे तुकडे दुसऱ्याला देत असता. लिनक्ससारखी मोफत प्रणाली याच मार्गाने वाटली जाते, आणि ते पूर्ण कायदेशीर आहे. मात्र नवा सिनेमा तसा उतरवला, तर तुम्ही नुसते घेणारे राहत नाही, वाटणारेही होता. तेव्हा प्रश्न काय वाटलं याचा आहे.

आता कायदा. आपला कॉपीराइट कायदा १९५७ सालचा. पुस्तकावरचा हक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे २०११ पासून ‘श्यामची आई’ सगळ्यांची झाली. तिची मूळ संहिता तुम्ही खुशाल हजार जणांना पाठवा. पण हयात लेखकाचं पुस्तक जाणूनबुजून, परवानगीशिवाय वाटलं, तर कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं. म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात.

यावर लोक म्हणतात, अहो, सायकल चोरली तर मालकाची सायकल जाते, पीडीएफ घेतली तर पुस्तक जागेवरच राहतं. मग चोरी कसली? मुद्दा बरोबर आहे. जातं ते पुस्तक नव्हे, जाते ती पुढची विक्री. आणि प्रत्येक पीडीएफ म्हणजे एक बुडालेली विक्री, असंही नाही. फुकट आलं म्हणून घेतलेलं बरंचसं आपण उघडतही नाही.

पण एक हिशोब मांडू. ३०० रुपयांचं पुस्तक, हजार प्रतींची आवृत्ती, लेखकाचं मानधन १० टक्के. सगळी आवृत्ती खपली तर लेखकाला मिळाले ३० हजार, तेही बहुतेक दोन-तीन वर्षांत. आता त्याची पीडीएफ पाच हजार फोनांवर गेली, आणि त्यातले शंभरात पाचच जण खरोखर पुस्तक विकत घेणारे होते असं धरा. तरी २५० प्रती गेल्या, म्हणजे पाव आवृत्ती. दुसरी आवृत्ती काढायची की नाही, हे प्रकाशक एवढ्यावरच ठरवतो. इंग्रजीत लाखो प्रती खपणाऱ्या लेखकाला हा फटका कदाचित जाणवणार नाही. मराठीत तो जाणवतो.

मग सगळी नक्कल गुन्हा मानायची का? इथे दिल्लीचा एक खटला बघू. दिल्ली विद्यापीठाच्या आवारात रामेश्वरी फोटोकॉपी नावाचं दुकान. अभ्यासक्रमात नेमलेल्या पुस्तकांतली प्रकरणं एकत्र करून ते विद्यार्थ्यांना झेरॉक्स देत असे. २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दुकानावर आणि विद्यापीठावर दावा लावला. गंमत अशी, की ज्यांची पुस्तकं दाव्यात होती त्यांतलेच काही लेखक विद्यार्थ्यांच्या बाजूने उभे राहिले. २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने दावा फेटाळला. कायद्याच्या कलम ५२ मध्ये शिकवण्याच्या ओघात नक्कल करायला मुभा आहे, आणि कॉपीराइट हा काही निसर्गाने दिलेला हक्क नव्हे, अशी भूमिका घेतली. खंडपीठाने तत्त्व कायम ठेवलं, पण अध्यापनासाठी नेमकं किती आवश्यक होतं हे तपासायला प्रकरण परत पाठवलं. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला.

शोधनिबंधांची गोष्ट आणखी वेगळी. तिथे लेखकाला नियतकालिकाकडून मानधन मिळत नाही, तपासणारे प्राध्यापकही सहसा फुकट तपासतात, आणि वाचायला मात्र मोठी वर्गणी. त्यातूनच २०११ मध्ये साय-हब निघालं. ते बेकायदा होतं, २०२० मध्ये त्याच्यावर दिल्लीत दावाही झाला. पण त्यामागची अडचण खरी होती. केंद्र सरकारने नंतर ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजनेत तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये मंजूर केले, जेणेकरून सरकारी संस्थांतल्या विद्यार्थ्यांना हजारो नियतकालिकं वाचता यावीत. नुसती बंदी घालून वाचण्याची गरज संपत नाही, हे यातून दिसतं.

तेव्हा माझं उत्तर असं. चाचेगिरी बेकायदा असावीच. नाहीतर छोट्या भाषेतला लेखक पहिला बुडतो. पण सगळ्यांना एकाच काठीने हाकू नये. नव्या पुस्तकाच्या प्रती विकून धंदा करणारा आणि भावाला एक पीडीएफ पाठवणारा, हे सारखे नाहीत. कलम ६३ मध्येच तशी सोय आहे: धंद्यासाठी केलं नसेल, तर न्यायालय कारणं नोंदवून शिक्षा कमी करू शकतं. माझ्या मते दुसऱ्याच्या बाबतीत तुरुंगाचा प्रश्नच येऊ नये; नुकसानभरपाई पुरे.

राहिला आपला प्रश्न. पुढच्या वेळी पीडीएफ आली की पाठवण्याआधी तीन गोष्टी बघा. पुस्तक अजून हक्काखाली आहे का? ते बाजारात मिळतं का? लेखकाला त्यातून काही मिळणार होतं का? तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल, तर फाइलऐवजी दुकानाचा पत्ता पाठवा. आणि फुकटच वाचायचं असेल, तर साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावर कितीतरी मराठी ग्रंथ अधिकृतपणे मोफत आहेत. ते मात्र हवे तेवढ्यांना पाठवा.

आता तुमचे प्रश्न घेऊ.