विमानातली सीट आणि अंगाने जाड प्रवासी : लाजू नका, आधी सांगा

आमच्या वेरूळहून खुलताबादला जाणाऱ्या काळी-पिवळी जीपमध्ये तिघांच्या बाकावर चौघे बसतात. एखादी जाड बाई चढली की कुणीतरी म्हणते, "जरा सरका," आणि सगळे सरकतात. माझ्या खालाने आयुष्यभर असाच प्रवास केला. तिच्या वजनाची अडचण जीपमध्ये कधी झाली नाही. ती झाली विमानात, उमऱ्याला जाताना.

टूरवाल्याने पासपोर्ट, फोटो, लसीचा कागद, सगळे मागून घेतले होते. खाला सीटमध्ये मावेल का, हे त्याने विचारले नाही आणि आम्हीही सांगितले नाही. खरे तर आमच्या कुणाच्या मनातच ते आले नाही. ग्रुपच्या तिकिटांत आमच्या सीटा वेगवेगळ्या रांगांत आल्या. खालाला मधली सीट मिळाली, दोन्ही बाजूंना अनोळखी माणसे.

मुंबई ते जेद्दा सुमारे साडेपाच तास. ते तिने कसे काढले, हे मला मदिनेत कळले. एका रात्री इशाच्या नमाजनंतर पाय दाबून देताना ती म्हणाली, "बेटा, माझा बेल्ट लागलाच नव्हता. दोन्ही टोके हातात धरून वरून ओढणी टाकली. म्हटले, कळले तर उतरवून देतील." उठायला लागू नये म्हणून ती वाटेत पाणीही प्यायली नव्हती. शेजारचा माणूस एकदा कुरकुरला, तेव्हापासून तिने अंग चोरून घेतले ते जेद्दा येईपर्यंत.

परतीच्या वेळी मी काउंटरवर विनंती करून तिची सीट खिडकीशी आणि माझी तिच्या शेजारी करून घेतली. विमानात शिरताच दारातल्या मुलीला हळूच म्हटले, "एक एक्स्टेन्शन बेल्ट द्या." अर्ध्या मिनिटात तिने तो घडी करून आणून दिला. कुणी वळून पाहिलेही नाही. खाला बराच वेळ त्या पट्ट्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "एवढेच होते?"

सीट किती रुंद असते?

आपल्याकडे जास्त चालणाऱ्या एअरबस ए-320 विमानात साध्या वर्गाची सीट सुमारे 18 इंच रुंद असते, तर बोइंग 737 मध्ये सुमारे 17 इंच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 24 टक्के स्त्रिया आणि जवळपास 23 टक्के पुरुष जादा वजनाचे आढळले. यातल्या बहुतेकांना सीट पुरते. पण ज्यांना पुरत नाही, ते काही जगावेगळे नाहीत. बाळंतपणे, थायरॉइड, गुडघेदुखीने सुटलेले चालणे, काही औषधे अशी वजन वाढण्याची कारणे घरोघरी असतात.

दुसऱ्या सीटचे पैसे कुणी द्यायचे?

हा वाद जगभर आहे. कॅनडाच्या परिवहन प्राधिकरणाने 10 जानेवारी 2008 रोजी निर्णय दिला की, लठ्ठपणामुळे जो प्रवासी अपंग ठरतो आणि ज्याला दोन सीटा लागतात, त्याच्याकडून देशांतर्गत प्रवासात एकच भाडे घ्यावे. एक माणूस, एक भाडे. विमान कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या, पण तिथे त्यांचे अपील ऐकायलाही घेतले गेले नाही. 2009 पासून नियम लागू झाला.

अमेरिकेत उलटे आहे. तिथे बहुतेक कंपन्या दुसऱ्या सीटचे पैसे घेतात. साउथवेस्ट ही कंपनी याला मोठा अपवाद होती. ती जादा सीटचे पैसे नंतर परत करायची. 27 जानेवारी 2026 पासून तिनेही नियम कडक केला. आता जादा सीट आधीच विकत घ्यावी लागते आणि पैसे परत मिळायला अटी आहेत.

भारतात कॅनडासारखा नियम नाही. दुसरी सीट हवी असेल तर ती विकत घ्यावी लागते. पण तिची किंमत काही दगडावरची रेघ नाही. कोरोनाच्या काळात, जुलै 2020 मध्ये, इंडिगोने एकाच प्रवाशाला दोन सीटा देण्याची योजना काढली होती आणि दुसऱ्या सीटसाठी मूळ भाड्याच्या साधारण 25 टक्के घेतले होते. आजाराच्या भीतीसाठी जे जमले, ते शरीराच्या गरजेसाठी का जमू नये, हा प्रश्न आपण ग्राहक म्हणून विचारू शकतो. कंपन्यांचे म्हणणेही समजून घ्यावे. एक सीट रिकामी गेली की एक तिकीट बुडते. आणि शेजाऱ्यानेही पूर्ण सीटचेच पैसे दिलेले असतात. म्हणूनच हा भार एकट्या प्रवाशावर किंवा एकट्या शेजाऱ्यावर न टाकता नियमाने ठरवला पाहिजे.

आधी कळले तर किती सोय होऊ शकते, हे मुंबईने पाहिले आहे. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाच्या इमान अहमद यांचे वजन सुमारे 500 किलो सांगितले जात होते. फेब्रुवारी 2017 मध्ये त्यांना सैफी हॉस्पिटलमध्ये उपचारासाठी आणले, ते मालवाहू विमानात खास व्यवस्था करून. विमानातून उतरवायला क्रेन होती. पुढे त्यांना अबुधाबीला हलवले आणि 25 सप्टेंबर 2017 रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. अल्लाह त्यांना मगफिरत देवो. ते टोकाचे उदाहरण होते. आपल्या घरातल्या अम्मी-खालांना लागतो तो फक्त एक पट्टा आणि चांगली सीट.

दीन काय शिकवतो?

हजच्या प्रवासातली हजरत सौदा (रजि.) यांची हकीकत बुखारी आणि मुस्लिममध्ये आहे. त्या अंगाने जड होत्या, चाल सावकाश होती. मुजदलिफाच्या रात्री त्यांनी रसूलुल्लाह (सल्ल.) यांच्याकडे गर्दीच्या आधी निघण्याची परवानगी मागितली आणि आपण (सल्ल.) ती दिली. त्यांना कुणी हिणवले नाही. उलट हजरत आयशा (रजि.) यांना पुढे वाटत राहिले की, आपणही तशी परवानगी मागून घेतली असती तर बरे झाले असते. उम्मुल मोमिनीन यांना आपल्या शरीराची अडचण सांगायला संकोच वाटला नाही, मग आपल्याला का वाटावा?

आणि शेजारी बसणाऱ्यासाठी सूरह मुजादलाची शिकवण आहे. बैठकीत जागा करून द्यायला सांगितले तर जागा करून द्यावी, अल्लाह तुमच्यासाठी जागा करील. जीपमध्ये आपण हे रोज करतो. विमानात सीटचा दांडा सरकत नाही, पण कपाळावरची आठी तरी सरकवता येते.

तिकीट काढण्याआधी

घरच्यांनीच पुढाकार घ्यावा, म्हणजे त्या माणसाला चारचौघांत बोलावे लागत नाही.

ग्रुपचे तिकीट असेल तर पैसे भरतानाच टूरवाल्याला एकांतात सांगा. जादा सीट हवी असेल तर ती तेव्हाच घ्या. बऱ्याचदा ती कंपनीला फोन करूनच मिळते, आणि दोन्ही सीटा शेजारी-शेजारी आहेत याची खात्री करा.

जादा सीट परवडत नसेल तर खिडकीची सीट घ्या आणि शेजारी घरचेच माणूस बसवा. स्त्रियांसाठी तर हे फार गरजेचे आहे.

पहिल्या रांगेची सीट ऐसपैस वाटते, पण तिथे जेवणाचा ट्रे बहुधा हाताच्या दांड्यात असतो. असा दांडा वर होत नाही आणि जागा अरुंद पडते. आपत्कालीन दाराजवळची सीटही घेऊ नका. एक्स्टेन्शन बेल्ट लागणाऱ्याला तिथे बसू देत नाहीत.

बेल्ट विमानात शिरतानाच मागा. तो मोफत असतो. बाजारातून विकत घेतलेला पट्टा बऱ्याच कंपन्या चालवून घेत नाहीत. मात्र बेल्ट न लावता कधीच बसू नका. हवेत विमान अचानक खाली आले तर माणूस छताला आपटतो.

व्हीलचेअर हवी असेल तर किमान 48 तास आधी कळवा.

लांब प्रवासात एका जागी बसून पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका जाड माणसाला जास्त असतो. पाणी प्यावे, तासा-दीड तासाने उठून चार पावले चालावे, आणि निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या एक भाभी उमऱ्याला निघाल्या. त्याही अंगाने भरलेल्या. निरोप द्यायला खाला गेली होती. दुआ दिली, खजुरांची आठवण केली आणि निघताना त्यांना दाराआड घेऊन म्हणाली, "विमानात चढल्या-चढल्या मोठा बेल्ट मागून घे. लाजू नकोस, लगेच देतात."