फ्यूजमधली वाळू

वितळतार वितळते आणि वीज बंद होते, एवढं शाळेत शिकवतात. पण तार तुटल्यावरही वीज लगेच थांबत नाही. तुटलेल्या टोकांमध्ये झगझगीत आर्क पेटतो आणि प्रवाह त्यातून वाहत राहतो. घरातल्या एसी विजेचा प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे आर्कला विझायची संधी मिळते. सोलर पॅनल आणि बॅटरीची वीज डीसी. ती शून्यावर येतच नाही; तिथला आर्क बळानंच विझवावा लागतो.

त्यासाठी चांगल्या फ्यूजच्या नळीत चक्क वाळू भरतात! क्वार्ट्‌झची, शुद्ध आणि बारीक. आर्कची उष्णता शोषून तिचे कण वितळतात, एकमेकांना चिकटतात आणि काही मिलिसेकंदांत आर्कच्या वाटेवरच काचेसारखा गोळा तयार होतो. आकाशातली वीज वाळवंटात पडते तेव्हाही वाळूची अशीच काच होते. काही फ्यूजमध्ये तांब्याच्या पट्टीवर कथलाचा एक ठिपका असतो. तांबं वितळायला १०८५ अंश सेल्सिअस लागतात, कथील २३२ अंशांनाच वितळतं आणि आपल्याखालचं तांबं विरघळवू लागतं. जास्तीचा भार बराच वेळ राहिला, तर पट्टी तिथेच तुटते. केवढी ही युक्ती, एका ठिपक्यात!

ग्रिडपासून दूरच्या सोलर घरात खरी धास्ती बॅटरीची. पॅनल शॉर्ट झालं तरी नेहमीपेक्षा थोडाच जास्त प्रवाह देतं, त्यामुळे एकट्या स्ट्रिंगमधला, म्हणजे एकामागोमाग एक जोडलेल्या पॅनलच्या साखळीतला, फ्यूज उडणारच नाही. तीन किंवा जास्त स्ट्रिंग समांतर जोडल्या, की बाकीच्यांचा प्रवाह बिघडलेल्या स्ट्रिंगमध्ये उलटा घुसू शकतो. तिथे प्रत्येकीला फ्यूज हवा. लिथियम बॅटरी मात्र शॉर्ट होताच हजारो अँपिअर ओतते. म्हणून फ्यूज किती अँपिअरचा आहे याबरोबरच तो किती अँपिअर तोडू शकतो, हेही पाहावं लागतं. क्लास टी फ्यूज २०,००० अँपिअरचा डीसी प्रवाह तोडू शकतो. तो महाग असतो, पण मोठ्या लिथियम बॅटरीवर तोच लावावा असं माझं ठाम मत आहे.

फ्यूज राखण करतो वायरची. १२ व्होल्टवर १००० वॉटचा इन्व्हर्टर ८३ अँपिअरहून अधिक खेचतो. वायर तेवढी जाड हवी आणि फ्यूजचा आकडा वायरच्या क्षमतेच्या आत हवा. फ्यूज बॅटरीच्या धन टोकाच्या शक्य तितका जवळ बसवून घ्या. आणि फक्त एसीसाठी बनवलेला एमसीबी डीसी लाइनवर कधीही लावू देऊ नका, वायरमन कितीही आग्रह करो.