३११ नंबरचा मिकी मँटल

ऑगस्ट २०२२मध्ये अमेरिकेत एका पुठ्ठ्याच्या तुकड्याला लिलावात १ कोटी २६ लाख डॉलर आले. टॉप्स कंपनीने १९५२ साली काढलेल्या बेसबॉल कार्डांपैकी हे ३११ नंबरचं कार्ड. निळ्या आभाळाखाली पिवळी बॅट खांद्यावर घेतलेला विशीतला पोरगा, न्यूयॉर्क यँकीजचा मिकी मँटल.

हे त्याचं पहिलं कार्ड, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. पहिलं कार्ड आदल्या वर्षी बोमन कंपनीने काढलं होतं. तरी भाव टॉप्सचाच चढला, कारण आज बेसबॉल कार्ड म्हणून जे ओळखलं जातं, ते १९५२ साली घडलं. टॉप्सच्या साय बर्गर यांनी वुडी गेलमन यांच्यासोबत ब्रुकलिनमधल्या घरी स्वयंपाकघराच्या टेबलावर त्याची मांडणी केली. मोठा आकार, रंगीत चित्र, खेळाडूची सही, संघाचं चिन्ह आणि मागे आकडेवारी. च्युइंगमच्या पुडीत मिळणारी ही कार्डं पोरांनी अक्षरशः हाताळून झिजवली.

मात्र ३११पासून पुढची कार्डं बाजारात आली ती हंगाम सरता सरता. पोरांचं लक्ष तोवर फुटबॉलकडे वळलेलं. माल पडून राहिला, फुकटातही कुणी घेईना. शेवटी १९६०मध्ये शेकडो खोकी बार्जवर चढवून अटलांटिकमध्ये बुडवली, असं खुद्द बर्गर यांनीच पुढे सांगितलं. कार्डाच्या दुर्मीळपणाची कथा इथून सुरू होते आणि जरा फुगवलीही जाते. मँटलचं कार्ड छपाईच्या तावावर दोनदा होतं, त्यामुळे त्याच मालिकेतली इतर बरीच कार्डं याच्याहून कमी सापडतात. भाव नावाचा आहे.

आणि नाव तरी कसं? ओक्लाहोमातल्या शिसं-जस्ताच्या खाणीत राबणाऱ्या मट मँटलने पोराचं नावच मिकी कोक्रेन या खेळाडूवरून ठेवलं आणि त्याला लहानपणापासून डाव्या-उजव्या दोन्ही हातांनी फटकवायला शिकवलं. १९५१मध्ये एकोणिसाव्या वर्षी तो यँकीजमध्ये आला. त्याच ऑक्टोबरात वर्ल्ड सिरीजच्या दुसऱ्या सामन्यात विली मेजने उंच उडवलेला चेंडू टिपायला तो धावला. संघातला ज्येष्ठ खेळाडू डिमॅजिओ ‘माझा’ म्हणाला, मँटल थबकला आणि मैदानातल्या गटाराच्या झाकणात त्याचा पाय अडकला. उजवा गुडघा गेला. इस्पितळाच्या दारात तो वडिलांच्या खांद्यावर रेलला, तर वडीलच कोसळले. त्यांना हॉजकिन्स हा कॅन्सर झालेला निघाला. मे १९५२मध्ये ते गेले. म्हणजे त्या कार्डावरचा टवटवीत पोरगा दुकानात पोचला, तेव्हा त्याचा गुडघा अधू झाला होता आणि बाप उरला नव्हता.

पुढची सतरा वर्षं तो पट्ट्या बांधून खेळला. १९५६मध्ये ५२ होम रन, फटक्यांवर मिळवून दिलेल्या १३० धावा (आरबीआय) आणि .३५३ची सरासरी, तिन्हीत अव्वल, म्हणजे ‘ट्रिपल क्राउन’. तीनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू, सात वर्ल्ड सिरीज विजेतेपदं, ५३६ होम रन. १९६१मध्ये बेब रूथचा साठ होम रनचा विक्रम मोडायच्या शर्यतीत तो ५४वर थांबला, त्याच्याच संघातला रॉजर मॅरिस ६१वर पोचला. शेवटच्या रडतखडत काढलेल्या हंगामांमुळे कारकिर्दीची सरासरी .२९८वर घसरली आणि .३००च्या आत आल्याची खंत त्याला जन्मभर राहिली.

घरातले पुरुष चाळिशी गाठत नाहीत, या धास्तीत तो बेफाम जगला, बेसुमार प्यायला. १९८३मध्ये कॅसिनोची नोकरी धरली म्हणून बेसबॉलने त्याला दूर ठेवलं. १९८५मध्ये परत घेतलं. त्याच सुमारास कार्डांचं वेड उसळलं आणि पोरपणी ज्यांच्या खिशात त्याचं कार्ड होतं, ते पोक्त होऊन त्याच्या सहीसाठी रांगा लावू लागले. १९९५मध्ये यकृत बदललं, पण कॅन्सर पसरला होता. जुलैत पत्रकारांपुढे येऊन त्याने ‘माझा कित्ता गिरवू नका’, असं सांगितलं. १३ ऑगस्टला तो गेला, त्रेसष्टाव्या वर्षी.

दुखापत नसती तर तो काय झाला असता, हा प्रश्न अमेरिकेत आजही चघळला जातो. मला तो फिजूल वाटतो. दुखऱ्या गुडघ्याने वर्ल्ड सिरीजमध्ये मारलेल्या त्याच्या १८ होम रनपर्यंत अजून कुणीही पोचलेलं नाही.