गल्ल्यावरील एक प्रश्न

जूनच्या आरंभीं, शाळा उघडण्यापूर्वीं, माझ्या धाकट्या मुलीसाठीं कॅन्व्हासचे बूट घेण्यास मी तिच्यासह बाजारांत गेलों होतों. बूट पायांस बसले, किंमत पटली, व आम्ही गल्ल्यापाशीं येऊन उभे राहिलों. मी पाकिटांतून नोटा काढीत होतों, तोंच गल्ल्यावरील तरुणानें मान वर न करतां म्हटलें, "मोबाईल नंबर सांगा." मी क्षणभर घुटमळलों. माझी मुलगी मात्र घुटमळली नाहीं. पाढे म्हणावे त्याप्रमाणें तिनें आपल्या आईचा दहा आंकडी नंबर घडाघडा म्हणून दाखविला. मग त्यानें जन्मतारीख विचारली. तीही तिनें सांगितली. वाढदिवसाच्या महिन्यांत सवलत मिळेल असें ऐकून तिला आनंदच झाला. चारशें रुपयांचे बूट घेऊन आम्ही घरीं परतलों. परंतु या बुटांसाठीं आपण केवळ चारशें रुपयेच दिले काय, हा प्रश्न वाटेंत मला सोडीना.

पुढील पंधरवड्यांत तिच्या आईच्या मोबाईलवर त्या दुकानाचे संदेश येऊं लागले. त्यानंतर, ज्यांची पायरी आम्ही कधीं चढलों नव्हतों अशा दोन-तीन ठिकाणांहूनही येऊं लागले. त्यांस आमचा नंबर त्या दुकानाकडूनच मिळाला असें मी म्हणूं शकत नाहीं. तसा पुरावा मजजवळ नाहीं. आणि या विषयाचें मर्म नेमकें येथेंच आहे. एकदां तोंडांतून निघालेला नंबर पुढें कोणाकोणाच्या हातीं गेला, हें तो सांगणाऱ्यास बहुधा कधींच कळत नाहीं. म्हणून सांगण्यापूर्वीं क्षणभर थांबून विचार करणें, एवढाच उपाय आपल्या हातीं उरतो. तो विचार कसा करावा, हें सांगण्यासाठीं हा लेख.

विद्यार्थीमित्रांनो, दुकानदारास गिऱ्हाइकाची माहिती असणें ही गोष्ट नवी नव्हे. तुमच्या आजोबांच्या काळीं गांवचा वाणी सर्व जाणून असे. कोणाच्या घरीं खाणारीं तोंडें किती, कोणाची लेक बाळंतपणास आली आहे, कोणाचा पगार कोणत्या तारखेस होतो, हें त्याला विचारावें लागत नसे. त्याच्या खातेवहींत नांवेंही असत. परंतु त्या वहींत व आजच्या वहींत तीन भेद आहेत. नांव उधारीसाठीं लिहिलें आहे, हें वाणी व गिऱ्हाईक या दोघांसही ठाऊक असे. रोख पैसे मोजणाऱ्याचें नांव तो लिहीत नसे. दुसरें, वही त्याच्या दुकानांतच राही. तिसरें, उधारी फिटली म्हणजे नांवावर रेघ ओढली जाई. आज रोख देणाऱ्यासही नंबर विचारतात, ती यादी एका क्षणांत शेंकडों कोसांवर पोहोंचते, आणि रेघ कोण व केव्हां ओढणार हें कोणी सांगत नाहीं.

आतां, दहा आंकड्यांत असें काय आहे, असें कोणी विचारील. एकाच नांवाच्या चार व्यक्ति एका आळींत सांपडतात. नंबर मात्र एकाचाच असतो. घर बदलतें, नोकरी बदलते, नंबर बहुधा तोच राहतो. बँकेच्या खात्यास तोच, गॅसच्या नोंदणीस तोच, आधार कार्डास तोच, आणि आमच्या शाळेच्या दाखल्यावरही तोच. निरनिराळ्या दुकानांच्या याद्या हे सुटे मणी मानले, तर नंबर हा त्यांतून ओंवला जाणारा दोरा होय. एका दुकानाच्या यादींत तान्ह्या मुलाचे कपडे आहेत, दुसऱ्याच्या यादींत रक्तांतील साखर तपासण्याच्या पट्ट्या आहेत, तिसऱ्याच्या यादींत दर महिन्यास घटत जाणारा किराणा आहे. प्रत्येक यादी वेगळी असतांना निरुपद्रवी दिसते. तिन्ही एका हातीं आल्या म्हणजे या घरांत मूल जन्मलें आहे, कोणास मधुमेह आहे, आणि पैशांची ओढाताण चालली आहे, इतकें परक्या माणसास कळतें. शेजाऱ्यासही जें आपण सांगितलें नसतें, तें अशा रीतीनें न सांगतां सांगितलें जातें.

लहानशा आंकड्यानें काय होणार, हा वाद अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यांत न्यायालयापर्यंत गेला होता. विल्यम्स-सोनोमा या घरगुती सामानाच्या दुकानांत क्रेडिट कार्डानें पैसे देणाऱ्या एका बाईस गल्ल्यावर केवळ टपालाचा पिन कोड विचारण्यांत आला. तिनें तो सांगितला. नांव दुकानास कार्डावरून मिळालेंच होतें. त्या दोहोंवरून दुकानानें आपल्या घराचा पत्ता शोधून काढला, अशी तिची तक्रार होती. कार्डानें पैसे घेतांना गिऱ्हाइकाकडून व्यक्तिगत माहिती मागून ती नोंदवूं नये, असा तेथील कायदा होता. पिन कोड हा व्यक्तिगत माहितींत मोडतो काय, एवढाच प्रश्न उरला. २०११ सालीं त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें, तो मोडतो, असा निर्णय दिला.

त्याच देशांतील दुसरा दाखला याहूनही बोधप्रद आहे. रेडिओ शॅक नांवाची विजेचीं उपकरणें विकणारी मोठी दुकानमालिका होती. तेथें चार पैशांचे सेल घेणाऱ्यासही गल्ल्यावर नांव व पत्ता विचारीत, आणि गिऱ्हाइकें याला इतकीं कंटाळलीं कीं २००२ सालीं तो प्रघात बंद करावा लागला. पुढें २०१५ सालीं त्या मंडळीचें दिवाळें निघालें. तेव्हां देणेकऱ्यांसाठीं जी मालमत्ता विकावयास काढली, तींत गिऱ्हाइकांच्या माहितीची यादीही होती. अनेक राज्यांच्या कायदे-अधिकाऱ्यांनीं हरकत घेतली व त्या विक्रीवर बंधनें घालण्यांत आलीं, हें बरें झालें. परंतु यावरून एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. "तुमची माहिती आम्ही कोणास देणार नाहीं," हें वचन दुकानदार मनापासून देत असेलही. पण दुकानच बुडालें म्हणजे तें वचन पाळावयास कोण उरतो?

आपल्या देशांत या बाबतींत कायदा काय म्हणतो, हें आतां पाहूं. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं एकमतानें असा निर्णय दिला कीं, आपलें खाजगीपण जपणें हा प्रत्येक नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें, विश्वासानें दिलेली गिऱ्हाइकाची व्यक्तिगत माहिती कायद्याच्या आधारावांचून दुसऱ्यास सांगणें, तसेंच विकलेल्या मालाचें बिल न देणें, या दोन्ही गोष्टी अनुचित व्यापारी प्रथांत गणल्या आहेत. मे २०२३ मध्यें केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्यानें किरकोळ विक्रेत्यांस कळविलें कीं, गिऱ्हाइकानें मोबाईल नंबर दिला नाहीं म्हणून त्यास माल किंवा सेवा नाकारूं नये. त्याच वर्षीं डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले, व मुख्य बंधनें त्यानंतर अठरा महिन्यांनीं अमलांत यावयाचीं असें ठरलें.

या शेवटच्या कायद्यांत संमतीची जी व्याख्या आहे ती प्रत्येकानें समजून घ्यावी. संमति ही स्वेच्छेची, विशिष्ट कामापुरती, समजून-उमजून दिलेली, बिनशर्त व निःसंदिग्ध असावी. आणि त्या कामास जेवढी माहिती अवश्य तेवढीच घ्यावी. दिलेली संमति परत घेतां यावी, व ती परत घेणें हें देण्याइतकेंच सोपें असावें, असेंही त्यांत म्हटलें आहे. कायद्यांतच औषधाच्या दुकानाचें एक उदाहरण दिलें आहे. एका बाईनें औषध घेतलें, आपण होऊन नंबर सांगितला, आणि पैसे पोंचल्याची पावती मोबाईलवर पाठविण्यास सांगितलें. दुकानदारानें तो नंबर पावती पाठविण्यासाठीं वापरावा. त्याच नंबरावर पुढें वर्षभर जाहिराती धाडण्याची परवानगी तेवढ्यानें मिळत नाहीं, हें सुज्ञांस सांगावयास नको.

येथें उलट बाजूही सांगितली पाहिजे, नाहीं तर हा लेख एकांगी होईल. कांहीं प्रसंगीं माहिती विचारणें योग्यच असतें. कपाट घरपोंच हवें असेल तर पत्ता व नंबर दिल्यावांचून गाडीवाला घर कसें शोधील? घड्याळ दुरुस्तीस टाकलें तर तें तयार झाल्याचें कळविण्यास नंबर हवा. वस्तु व सेवा कराच्या नियमांप्रमाणें, नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाचें बिल ५०,००० रुपये वा अधिक असल्यास त्यावर नांव व पत्ता लिहावा लागतो. त्याहून लहान बिलांत, गिऱ्हाइकानें स्वतः मागितल्याखेरीज, त्यांची जरूर नाहीं. मोबाईल नंबर बिलावर असलाच पाहिजे असें हे नियम म्हणत नाहींत. कांहीं प्रबळ औषधें विकतांना औषधविक्रेत्यास रोग्याचें व डॉक्टराचें नांव वेगळ्या नोंदवहींत लिहून ती वही तीन वर्षें जपावी लागते. औषधांचा गैरवापर होऊं नये, हा त्यांतील हेतु. अशा ठिकाणीं आढेवेढे घेणें हें शहाणपणाचें लक्षण नव्हे.

तेव्हां कसोटी सोपी आहे. गल्ल्यावर कोणतीही माहिती विचारली असतां दोन प्रश्न करावे: "ही कशासाठीं हवी?" आणि "न दिल्यास काय अडतें?" पहिल्याचें उत्तर सरळ मिळालें व तें पटलें, तर माहिती खुशाल द्यावी. सवलतीचे गुण हवे असतील व त्यांची किंमत आपणांस मान्य असेल, तर तोही सौदाच आहे. मात्र तो सौदा आहे हें जाणून करावा. "सिस्टीम मागते," याखेरीज उत्तर नसेल, तर "मला नंबर द्यावयाचा नाहीं, कागदी बिल द्या," असें म्हणून स्वस्थ उभें राहावें.

हें म्हणतांना आवाज चढवूं नये. गल्ल्यावरील तो तरुण कदाचित् आपल्याच शाळेच्या बांकावर बसून गेलेला असेल. प्रश्न त्यानें रचलेला नाहीं. तो विचारण्याची त्याला आज्ञा आहे, व कित्येक ठिकाणीं दिवसाकांठीं किती नंबर मिळविले याचा जाबही त्याला द्यावा लागतो. आपला नकार त्याच्या धन्याच्या प्रघातास आहे, त्याच्या माणुसकीस नव्हे. दुकानदार हट्टास पेटलाच, तर राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करतां येते.

कित्येक मुलें मला सांगतात, "सर, आम्ही मनाला येईल तो नंबर ठोकून देतों." ही युक्ति चांगली नव्हे. एक तर तें असत्य होय. आणि दुसरें, तुम्ही सहज उच्चारलेले दहा आंकडे कोणा तरी परक्या माणसाचे असूं शकतात. तुमच्या बुटांचे संदेश मग त्या बिचाऱ्यास येत राहतील. जें आपणांस नको तें दुसऱ्याच्या दारांत टाकूं नये. नाहीं म्हणावयाचें असेल तर नाहींच म्हणावें.

आणखी एक सूचना. नंबर सांगितल्यावर मोबाईलवर ओटीपी येतो व "तो आंकडा सांगा" असें म्हणतात. तो संदेश आधीं स्वतः वाचावा. पुष्कळदां तो आंकडा सांगणें म्हणजेच न वाचलेल्या कागदावर अंगठा उठविणें होय. आणि असाच आंकडा एखादा ठग फोनवरून मागूं लागला, तर विचार न करतां सांगण्याची दुकानांत जडलेली संवय त्या वेळीं घात करते. पैशांची फसवणूक झालीच, तर विलंब न लावतां १९३० या क्रमांकावर कळवावें.

पालकांस एक विनंति आहे. नव्या कायद्यानें अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यापूर्वीं आईबापांची पडताळून पाहतां येईल अशी संमति घेण्यास सांगितलें आहे. परंतु कायदा गल्ल्यापाशीं येऊन उभा राहत नाहीं. तेथें मूल व आपण असतों. मूल हरवलें तर उपयोगी पडावा म्हणून आपण आपला नंबर त्याच्याकडून पाठ करून घेतला. तो कोठें सांगावा हें शिकविलें. कोठें सांगूं नये हें शिकवावयाचें मात्र राहून गेलें. माझ्या घरीं तरी तसेंच झालें, आणि त्यांत मुलीचा दोष कांहींच नव्हता.

दिवाळीच्या सुटींत आम्ही दोघें वह्या घेण्यास गेलों. गल्ल्यावर पुन्हां तोच प्रश्न आला. मुलीनें माझ्याकडे पाहिलें, आणि मग त्या माणसास विचारलें, "काका, नंबर कशाला हवा?" "बिल पाठवायला," तो म्हणाला. "मग कागदावरच द्या ना," ती म्हणाली. त्यानें हंसून बिल छापून दिलें. त्याला राग आला नाहीं, वह्यांची किंमत वाढली नाहीं, आणि मागें रांगेंत उभ्या असलेल्या आजीबाईंनींही आपला नंबर सांगितला नाहीं.