जुन्या गाडीचा स्टीअरिंग रॅक गळतोय? घरी बदलण्याआधी स्टीअरिंग बांधून ठेवा

पॉवर स्टीअरिंगचं ऑइल सारखं कमी होतंय, म्हणजे रॅकच गेला असं नाही. कधी कधी गळतो तो पाइप किंवा पंप. रॅकच्या दोन्ही टोकांचे रबरी बूट दाबून पाहा. आत ऑइल साचलं असेल, तर रॅकचं सील गेलं हे जवळपास नक्की. (इलेक्ट्रिक स्टीअरिंगच्या गाड्यांत सहसा हे ऑइलच नसतं.)

नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नका, स्टँड लावाच.

महागात पडणारी चूक मात्र गाडीच्या आत होते. रॅकचा जोड सुटला की स्टीअरिंग मोकळं फिरतं. एअरबॅगच्या गाडीत त्याखाली क्लॉक स्प्रिंग असते, म्हणजे गुंडाळलेली चपटी वायर. ठरावीक फेऱ्यांपलीकडे ताणली तर ती तुटते आणि एअरबॅगचं कनेक्शनच जातं. म्हणून चाकं सरळ करून स्टीअरिंग सीटबेल्टने आधीच बांधा.

टाय रॉड एंड किती फेऱ्यांत सुटतात ते मोजा. नव्या रॅकवर तितक्याच फेऱ्या दिल्या, की गाडी निदान अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत नीट जाते. अलाइनमेंट चुकत नाहीच. स्टीअरिंगच्या जोडाचा बोल्ट अंदाजाने आवळू नका. टॉर्क रेंच नसेल तर हे काम मेकॅनिकलाच द्या.

ऑइल मॅन्युअलमध्ये सांगितलेलंच भरा. मग पुढची चाकं उचललेली आणि इंजिन बंद ठेवून स्टीअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण, पण हळू फिरवा. हवा निघण्याआधी इंजिन सुरू केलं, तर ऑइल फेसाळतं आणि पंप कण्हायला लागतो.