ग्रेसचं दुसरं पत्र

इंग्रजीचं टाचण : लेखांक सहावा

१५ ऑक्टोबर १८६० रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या वेस्टफील्ड नावाच्या लहान गावातून अकरा वर्षांच्या एका मुलीने अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या उमेदवाराला पत्र लिहिलं. मुलीचं नाव ग्रेस बेडेल आणि उमेदवार होते अब्राहम लिंकन. मतदान तीन आठवड्यांवर आलं होतं. वडिलांनी जत्रेतून लिंकनचं चित्र घरी आणलं. ते पाहून ग्रेसचं मत झालं की या गृहस्थांनी दाढी ठेवायला हवी, आणि तिने ते सरळ त्यांनाच कळवलं.

तिची कारणं मोठी मजेशीर आहेत. तुमचा चेहरा फार बारीक आहे, दाढीने तो पुष्कळ बरा दिसेल. बायकांना दाढी आवडते, तेव्हा त्या नवऱ्यांच्या मागे लागून तुम्हाला मतं द्यायला लावतील आणि मग तुम्ही अध्यक्ष व्हाल. मला चार भाऊ आहेत. त्यांतले काही तुम्हालाच मत देणार आहेत, आणि दाढी ठेवलीत तर उरलेल्यांनाही वळवायचं मी बघते. मधेच ती लिंकनना विचारते, तुमच्या घरी माझ्याएवढ्या मुली आहेत का? चित्राभोवतीच्या लाकडी कुंपणाची ती तारीफ करते. जाता जाता नऊ आठवड्यांच्या धाकट्या बहिणीचं कौतुकही सांगून टाकते.

गेल्या आठवड्यात आपण वर्णनपर लेखनाचं टाचण केलं. आज पाळी आहे पटवून देणाऱ्या लेखनाची, आणि माझा आग्रह असा की सहावी ते आठवीच्या वर्गात त्याची सुरुवात या पत्राने करावी. पत्र इंग्रजीत सहज मिळतं आणि वर्गात वाचायला पाच मिनिटं पुरतात. लिहिणारी मुलगी आपल्या मुलांच्याच वयाची आहे, आणि तिला खरोखर काहीतरी हवं आहे. गाईडातल्या नमुना पत्रांमध्ये नेमकं हेच नसतं. तिथे पत्ता, दिनांक, विषय, मायना सगळं जागच्या जागी असतं, फक्त लिहिणाऱ्याला काही नको असतं आणि वाचणारा कोणी नसतोच.

अमेरिकेत सहावी ते आठवीला मिडल स्कूल म्हणतात. (आपल्या २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही याच तीन इयत्तांचा स्वतंत्र टप्पा केला आहे.) २०१० साली आलेले आणि तिथल्या बऱ्याच राज्यांनी स्वीकारलेले कॉमन कोअर निकष पाहिले तर या तीन वर्षांची चढण कळते. पाचवीपर्यंत मुलाने आपलं मत सांगायचं आणि त्याला कारणं द्यायची. सहावीत त्या मताला पुराव्याचा आधार मागितला जातो. सातवीत समोरच्याचं वेगळं म्हणणं असू शकतं याची दखल घ्यायची, आणि आठवीत आपलं म्हणणं त्याहून वेगळं कसं ते दाखवायचं. आपल्याकडे हीच गोष्ट दहावीला ‘व्ह्यू-काउंटरव्ह्यू’च्या रूपात एकदम समोर येते, आणि मुलं पाठ केलेली चार वाक्यं लिहून मोकळी होतात. सातवीची पायरीच चढलेली नसते, त्याला ती तरी काय करणार?

ग्रेसच्या पत्रात नेमकी हीच पायरी नाही. ती लिंकननी दाखवली, म्हणूनच हे टाचण उभं राहतं.

चार तास धरा, पस्तीस-चाळीस मिनिटांचे. पहिल्या तासाला पत्र वाचायचं. अवघड शब्द फार नाहीत, ‘व्हिस्कर्स’ एवढा सांगावा लागेल. मग मुलांकडून कारणं काढून घ्यायची आणि प्रत्येक कारणाला एकच प्रश्न लावायचा : हे कारण कोणाच्या कामाचं आहे? चेहरा बरा दिसेल हे लिंकनच्या कामाचं. मतं मिळतील हे तर फारच कामाचं. बहिणीचं कौतुक कोणाच्याच कामाचं नाही, पण तेवढ्यावरून ते काढून टाकायचं का? इथे वर्गात दोन तट पडू द्या. एखादी मुलगी म्हणेल की त्यामुळेच पत्र खरं वाटतं, आणि तिचंही बरोबर आहे. वाचणाऱ्याचा विश्वास मिळवणं, त्याच्या मनाला हात घालणं आणि त्याच्या बुद्धीला पटवणं, हे तीन मार्ग ॲरिस्टॉटलने तेवीसशे वर्षांपूर्वी सांगितले. ग्रेसच्या पत्रात तिन्ही सापडतात. मुलांना ग्रीक नावं सांगायची मात्र काही गरज नाही.

बायका नवऱ्यांच्या मागे का लागतील, हा प्रश्न कोणीतरी विचारेलच. कोणी विचारला नाही तर तुम्ही विचारा. अमेरिकेत देशभर स्त्रियांना मताधिकार मिळायला १९२० साल उजाडावं लागलं. मी पुरुष असते तर मीही तुम्हाला मत दिलं असतं, असं ग्रेस लिहिते ते यामुळे. जिला स्वतःला मत नाही अशी मुलगी दुसऱ्यांची मतं मिळवून द्यायची तयारी दाखवते आहे, हे कळलं की पत्राचं वजन बदलतं.

दुसऱ्या तासाला लिंकनचं उत्तर काढायचं. ते चारच दिवसांनी, १९ ऑक्टोबरला लिहिलेलं आहे आणि ग्रेसच्या पत्राहून लहान आहे. मला मुलगी नाही याची खंत वाटते, तीन मुलगे आहेत, सतरा, नऊ आणि सात वर्षांचे, असं ते कळवतात. दाढीबद्दल वचन देत नाहीत, उलट विचारतात : आजवर मी कधी दाढी ठेवली नाही, आता एकदम ठेवली तर लोक त्याला उगाचचं सोंग म्हणणार नाहीत का?

उत्तर इथेच थांबवा. पुढे काय झालं ते सांगू नका. फळ्यावर एवढंच लिहा : ग्रेसचं दुसरं पत्र. तुम्ही ग्रेस आहात, लिंकनची शंका तुमच्या हातात आहे, पहिलंच पत्र घ्या आणि ती शंका लक्षात ठेवून पुन्हा लिहा. पाच-सहा वाक्यं पुरेत. अडेल त्याच्यासाठी एक चौकट द्या : ‘यू मे थिंक दॅट... बट...’ मराठी माध्यमाच्या वर्गात पहिला विचार मराठीत झाला तरी हरकत नाही, वाक्य मागाहून इंग्रजीत आणता येतं. उत्तरं नाना तऱ्हेची येऊ शकतात. लोक चार दिवस बोलतील, मग त्यांना सवय होईल. आधी थोडी ठेवून पाहा. नाहीतर निवडणूक झाल्यावर ठेवा, म्हणजे मतांसाठी केलं असं कोणी म्हणणार नाही. हे शेवटचं उत्तर कोणी दिलं तर त्याला जरा डोळ्यांत तेल घालून तपासा, कारण त्यात ग्रेसचं मतांचं कारणच गळून पडतं आणि हाती उरतो तो फक्त बारीक चेहरा. एक शंका मिटवायला गेलं की दुसरं कारण हलतं, हे मुलांना इथे आपोआप दिसतं.

तासाच्या शेवटी गोष्ट पुरी करा. ६ नोव्हेंबरला लिंकन निवडून आले आणि त्यानंतर त्यांनी दाढी राखायला सुरुवात केली. १६ फेब्रुवारी १८६१ रोजी वॉशिंग्टनला जाताना त्यांची गाडी वेस्टफील्डला थांबली. त्यांनी जमलेल्या गर्दीत ग्रेसची चौकशी केली आणि दाढीसकट तिला भेटले. तिचं मूळ पत्र आज डेट्रॉइटच्या सार्वजनिक ग्रंथालयात आहे. त्या पत्रात वाक्यं एकमेकांत घुसली आहेत, एका साध्या अनेकवचनाला नको तिथे अपॉस्ट्रॉफी आहे. आपल्या निबंधवहीत आलं असतं तर निम्मं पत्र लाल झालं असतं.

लाल पेनाचा विषय इथे काढावाच लागतो. पुनर्लेखन म्हटलं की आपल्या मुलांच्या डोळ्यांसमोर शुद्धलेखनाच्या चुका सुधारून पक्क्या वहीत उतरवणं येतं, आणि ही समजूत आपणच करून दिली आहे. नॅन्सी सोमर्स या अभ्यासिकेने १९८० साली एक तुलना प्रसिद्ध केली. एका बाजूला कॉलेजात नव्याने आलेले वीस विद्यार्थी, दुसऱ्या बाजूला पत्रकार, संपादक, प्राध्यापक असे वीस मुरलेले लिहिणारे. प्रत्येकाने तीन लेख लिहिले, त्यांतला एक पटवून देणारा, आणि प्रत्येक लेख दोनदा पुन्हा लिहिला. विद्यार्थ्यांनी मुख्यतः शब्द बदलले, एकाच्या जागी दुसरा. मुरलेल्यांनी आपल्या म्हणण्याचा आकारच शोधला. वाचणारा इथे काय विचारेल, हा प्रश्न त्यांच्या मनात सतत होता. कॉलेजातली मुलं शब्द बदलत बसतात, कारण शाळेत त्यांना कोणी दुसरं काही करायला सांगितलेलं नसतं.

आणखी एक नाव या विषयात टाळता येत नाही. डोनाल्ड मरी हे मुळात वर्तमानपत्रवाले. बॉस्टन हेरल्डमधल्या अग्रलेखांसाठी त्यांना १९५४ साली पुलित्झर मिळालं, म्हणजे पटवून देण्याच्या लेखनावरच ते जगत होते. पुढे न्यू हॅम्पशायर विद्यापीठात शिकवू लागल्यावर १९७२ साली त्यांनी मांडलं की वर्गात पूर्ण झालेल्या लेखाची चिरफाड करण्यापेक्षा लेख होत असतानाची कामं शिकवावीत. पन्नास वर्षं होऊन गेली तरी आपली निबंधवही त्या बाजूला वळलेली नाही.

तिसऱ्या आणि चौथ्या तासाला मुलांचं स्वतःचं पत्र. इथे माझा एकच हट्ट आहे : पत्र खऱ्या माणसाला, आणि असं की ज्याला ‘नाही’ म्हणता येईल. पंतप्रधानांना प्लास्टिकबंदीवर पत्र नको. मुख्याध्यापक, गावचे सरपंच, एसटीचे आगारप्रमुख चालतील. समजा विषय निघाला की मधल्या सुट्टीत शाळेचं वाचनालय उघडं हवं. एका मुलाचा पहिला खर्डा साधारण असा येईल (सोयीसाठी मराठीत देतो) : आम्हाला मधल्या सुट्टीत वाचनालय उघडं हवं आहे. वाचन चांगली सवय आहे. वाचनाने ज्ञान वाढतं. पुस्तकं आपले मित्र आहेत. तरी कृपया वाचनालय उघडं ठेवावं.

यात चूक एकही नाही. मुख्याध्यापकांना पटेल असंही काही नाही. पुस्तकं मित्र आहेत हे त्यांना ठाऊक आहे, आणि तरीही वाचनालयाला कुलूप आहे.

आता वह्यांची अदलाबदल. पन्नास-साठ मुलांच्या वर्गात प्रत्येकाजवळ जाणं शिक्षकाला शक्य नसतं, म्हणून बाकावरची जोडीच कामाला लावायची. शेजाऱ्याने मुख्याध्यापक व्हायचं आणि पेन्सिलीने पत्राखाली एकच प्रश्न लिहायचा, नकार देण्यासाठी मुख्याध्यापक विचारतील असा. ‘छान आहे’ लिहायला बंदी. स्पेलिंगला हात लावायलाही बंदी. खर्डा एक ओळ सोडून लिहून घ्या, म्हणजे पुढे भर घालायला जागा राहते. शेजारीण विचारते : मधल्या सुट्टीत शिपाईमामा जेवायला बसतात, मग वाचनालयात थांबणार कोण?

दुसरा खर्डा : मधल्या सुट्टीत वाचनालयात थांबायला कोणी नसतं हे आम्हाला माहीत आहे. आठवीची दोन मुलं रोज पाळीने थांबतील आणि दिलेल्या पुस्तकांची नोंद वहीत ठेवतील. एक महिना करून पाहा. पुस्तक हरवलं तर पुन्हा बंद करा.

ज्ञान वाढतं हे वाक्य कुठे गेलं? कोणी खोडलं नव्हतं. समोर खरा प्रश्न आल्यावर त्याची गरज उरली नाही, एवढंच. प्रत्येक जोडीत असं होणार नाही. काही मुलं पहिलाच खर्डा जरा सुवाच्य अक्षरात उतरवून देतील. त्यांच्याजवळ मात्र तुम्ही जा आणि शेजाऱ्याचा प्रश्न तोंडी विचारा.

व्याकरणाचं काय, हा प्रश्न पालक विचारतात आणि काही मुख्याध्यापकही. २००७ साली स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी चौथी ते बारावीच्या लेखन-अध्यापनावरचे प्रयोग एकत्र करून ‘रायटिंग नेक्स्ट’ हा अहवाल लिहिला. आखणी, पुनर्लेखन आणि शेवटची सफाई यांच्या रीती मुलांना उघडपणे शिकवल्या तर लेखनावर होणारा परिणाम ०.८२ निघाला, जोडीने काम केल्याचा ०.७५. व्याकरण वेगळं काढून शिकवण्याचा परिणाम मात्र शून्याच्याही खाली, उणे ०.३२. लहान वाक्यं जोडून मोठं वाक्य करायला शिकवणं उपयोगी ठरलं, ०.५०. याचा अर्थ व्याकरण सोडा असा नाही. चौथ्या तासाची शेवटची दहा मिनिटं त्याचीच आहेत. मजकूर ठरल्यावर स्पेलिंग, काळ, विरामचिन्हं मुलांनी स्वतः पाहायची. आधी पाहिलं तर पुढे खोडल्या जाणाऱ्या वाक्यांवर मेहनत जाते, आणि एकदा सुंदर अक्षरात शुद्ध लिहिलेलं वाक्य खोडायला मूल तयार होत नाही.

गुण देताना दोन्ही खर्डे जोडून घ्या आणि निम्मे गुण त्यांच्यातल्या फरकाला द्या. पहिला खर्डा कच्चा असल्याची शिक्षा नको. शाळेच्या गुणपत्रिकेत यासाठी रकाना नसेल तर वहीतल्या कामात बसवा.

आठवी हुशार असेल आणि वेळ उरला तर लिंकनकडेच परत जाता येतं. वेस्टफील्डच्या भेटीनंतर सोळा दिवसांनी, ४ मार्च १८६१ला त्यांनी अध्यक्ष म्हणून पहिलं भाषण केलं. देश फुटायच्या बेतात होता. मूळ खर्ड्याचा शेवट दक्षिणेला विचारलेल्या प्रश्नाने होत होता : शांतता हवी की तलवार? परराष्ट्रमंत्री होणाऱ्या विल्यम स्यूअर्ड यांनी तो वाचून मायेच्या शब्दांत शेवट करा असं सुचवलं आणि एक परिच्छेदही लिहून दिला. लिंकननी तलवारीचा प्रश्न काढला, स्यूअर्डचा परिच्छेद घेतला आणि तोही आपल्या शब्दांत पुन्हा लिहिला. तिन्ही पाठ शेजारी शेजारी ठेवून वाचता येतात. युद्ध टळलं नाही, हेही मुलांना सांगा. चांगलं लिहिलं की पटतंच असं नाही.

पुढच्या आठवड्यात बातमी लिहिण्याचं टाचण घेऊ. तोवर एक विनंती : मुलांची पत्रं झाली की ती कपाटात ठेवू नका, ज्याला लिहिली त्याला खरोखर द्या, आणि उत्तर आलं तर ते वर्गात वाचून दाखवा, नकार असला तरी.