विहिरीचे मुद्दल आणि रक्तदाबाची गोळी

मार्च महिना सरत आला की वालीवच्या माझ्या दवाखान्यात एक तक्रार हमखास कानावर येते. “डॉक्टर, बोअरचं पाणी मचूळ लागायला लागलंय.” कुणी म्हणते डाळ शिजत नाही, कुणी म्हणते साबणाला फेस येत नाही.

काही वर्षांपूर्वी इथल्याच एका गाळ्यात कामाला जाणाऱ्या, पन्नाशीच्या बाई माझ्याकडे येत. रक्तदाब दोन गोळ्या घेऊनही उतरत नव्हता. लोणचे, पापड, सुकट सारे बंद झाले होते. एक दिवस सहज विचारले, “ताई, पाणी कुठलं पिता?” त्या म्हणाल्या, “चाळीतल्या बोअरचं. उकळून पितो हो आम्ही!” दुसऱ्या दिवशी त्यांनी बाटली आणली. एक घोट घेताच खारटपणा जिभेला जाणवला. पिण्यापुरते नळाचे पाणी आणायला सांगितले. दोन महिन्यांत रक्तदाब बराच आटोक्यात आला. तो केवळ पाण्यामुळेच आला असे मी म्हणणार नाही, कारण त्या काळात त्यांनी गोळ्याही न चुकता घेतल्या. पण तेव्हापासून रक्तदाबाच्या प्रत्येक रुग्णाला मी पाण्याविषयी विचारतो.

उकळल्याने जंतू मरतात, मीठ जात नाही. उलट वाफ गेल्यामुळे मिठाचे प्रमाण किंचित वाढतेच. तुरटीने गाळ खाली बसतो, खारटपणा जात नाही.

आता थोडा हिशेब करू. दुसरे पाणीच मिळत नसेल तर भारतीय मानकानुसार लिटरला १००० मिलिग्रॅमपर्यंत क्लोराइड चालवून घेतात. हे सारे क्लोराइड खाण्याच्या मिठाचे आहे असे धरले, तर लिटरमागे सुमारे दीड ग्रॅमहून थोडे अधिक मीठ होते. उन्हाळ्यात तीन लिटर पाणी प्यायलो, तर जवळजवळ पाच ग्रॅम. प्रौढ माणसाने दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे जेवणाच्या ताटाला हात लावण्यापूर्वीच दिवसाचा कोटा संपला! बांगलादेशाच्या किनाऱ्यावरील दाकोप भागात खारट पाणी पिणाऱ्या गरोदर स्त्रियांत उच्च रक्तदाबाचा संबंध संशोधकांना आढळला आहे.

हे मीठ येते कुठून? वसईच्या पश्चिम पट्ट्यात वाळूची जमीन आहे. तिथे पावसाचे गोडे पाणी जड अशा खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. गेल्या शतकाच्या आरंभापासून शास्त्रज्ञांना एक गणित ठाऊक आहे. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा एक फूट वर असेल, तर तिच्याखाली सुमारे चाळीस फूट गोडे पाणी टिकते. उपसा करून ती पातळी एक फूट खाली आणली, तर कालांतराने खारे पाणी चाळीस फूट वर सरकू शकते. वालीवकडे पूर्वेला काळा कातळ आहे. तिथे पाणी भेगांतून वाहते, त्यामुळे हे गणित तंतोतंत लागू पडत नाही. पण उपसा फार झाला की खाडीचे पाणी याही भेगांतून आत येऊ शकते.

आपल्या वाडवडिलांना हे गणित माहीत नव्हते, पण त्यांचा रहाट बैलाच्या चालीने फिरे. बैल दमला की विहिरीला विसावा मिळे. वाड्यांतली बावखळे पावसाचे पाणी धरून ठेवत. पुढे पंप आले, मग टँकर आले आणि गावच्या विहिरींचे पाणी इमारतींना विकले जाऊ लागले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने ‘हरित वसई’ची चळवळ उभी राहिली, तिच्या मुळाशी हाही प्रश्न होता.

‘शाश्वत विकास’ हा शब्द आज सर्वत्र ऐकू येतो. पुढच्या पिढ्यांच्या गरजांना धक्का न लावता आजच्या गरजा भागवणे, असा त्याचा अर्थ १९८७ साली ज्या आयोगाने मांडला, त्याच्या अध्यक्षा नॉर्वेच्या ग्रो हार्लेम ब्रुंटलँड होत्या. बाई मुळात डॉक्टर! आपल्या भाषेत सांगायचे तर पाऊस हे व्याज आणि भूजल हे मुद्दल. व्याज खावे, मुद्दलाला हात लावू नये. सूर्या नदीचे पाणी आले म्हणून हा हिशेब संपत नाही. धामणीच्या धरणाचे ते पाणी जिल्ह्यातल्या आदिवासी शेतकऱ्यालाही हवेच असते.

मी काही याला अपवाद नाही. आमच्या सोसायटीने दुसरी बोअर मारायचे ठरवले, तेव्हा कागदावर माझीही सही होती. पहिली का आटली, हे आमच्यापैकी कुणीच विचारले नाही.

वाचकहो, आपल्या हाती एवढे आहे :

१. बोअरचे पाणी उन्हाळ्यात एकदा प्रयोगशाळेत तपासून घ्या. क्षार मोजण्याच्या छोट्या यंत्रात जंतू कळत नाहीत.

२. पाणी खारट असेल तर ते धुण्या-भांड्यांना वापरा आणि पिण्या-स्वयंपाकाला दुसरे घ्या. रक्तदाबाच्या गोळ्या मनाने बंद करू नका. मिठाच्या भीतीने पाणी पिणेही कमी करू नका.

३. आरओ यंत्र मीठ काढते, पण एका लिटरमागे बहुधा दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकते. ते लादी पुसायला, संडासात वापरा.

४. साठवणीचे पिंप आठवड्यातून एकदा रिकामे करून आतून घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी पिंपाच्या कडेला चिकटतात आणि नुसते वाळवून मरत नाहीत.

५. शंभर चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की शंभर लिटर पाणी मिळते. आपल्याकडे दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पहिल्या सरी सोडून पुढचे पाणी खडी-रेतीच्या खड्ड्यातून जमिनीत मुरवा. मात्र कारखान्याच्या अंगणातले तेलकट, रसायन मिसळलेले पाणी चुकूनही मुरवू नका. एकदा बिघडलेली विहीर सुधारायला पिढी जाते.

रक्तदाबाची गोळी मी लिहून देऊ शकतो. आटलेल्या विहिरीवर माझ्याकडे गोळी नाही. तिचा उपाय जूनच्या आधी, आपापल्या छपराखाली बसून ठरवायचा आहे.